कंपनीचा डबा आणि आपला राऊटर: गावात फायबर जोडणी घेणाऱ्यांसाठी

आर्वी तालुक्यातल्या एका गावात मी सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं इंटरनेटवर. त्यामुळे गावात कोणाचं वायफाय बिघडलं की माणूस आधी माझ्याकडे येतो, लाईनवाल्याकडे नंतर जातो. गेल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त ऐकलेला प्रश्न हा: "भाऊ, पोरानं पुण्याहून चांगला राऊटर पाठवला. लाईनवाला म्हणते, हा चालत नाही, आमचाच डबा घ्यावा लागते. खरंच चालत नाही, का मले फसवून राह्यला?"

मी स्वतः यातून गेलो आहे. पहिल्या जोडणीच्या वेळी माझ्याकडून डब्याचे दोन हजार घेतले, पावती दिली नाही, आणि मी आधीच आणलेला राऊटर कपाटात पडून राहिला. दीड वर्षानं जोडणी सोडली तेव्हा डबा काढून नेला. पैसे मागितले तर "ते फिटिंगचे होते" असं उत्तर आलं. दुसऱ्या जोडणीच्या वेळी मी आधी विचारलं, लिहून घेतलं, मग पैसे दिले. आज कंपनीचा डबा आणि माझा राऊटर एकाच फळीवर शेजारी चालतात. ते कसं जमवायचं, ते इथं क्रमानं सांगतो.

१. डब्यात दोन यंत्रं आहेत, हे आधी ओळखा

फायबरच्या तारेतून वीज येत नाही, प्रकाश येतो. त्या प्रकाशाचं कॉम्प्युटरला कळेल अशा सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र म्हणजे ओएनटी. काही जण त्याला ओएनयू म्हणतात, गावात नुसतंच 'मॉडेम'. दुसरं यंत्र राऊटर. तो वायफाय पसरवतो, घरातल्या प्रत्येक मोबाइलला पत्ता देतो, पासवर्ड सांभाळतो. कंपनी जो पांढरा डबा भिंतीवर लावते त्यात ही दोन्ही यंत्रं एकाच कवचात बसवलेली असतात. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पोरानं पाठवलेल्या साध्या राऊटरला फायबरची तार बसतच नाही. त्याला लॅनची, म्हणजे कॉम्प्युटरला लावतात ती तांब्याची तार लागते. म्हणजे लाईनवाला निम्मा खरं बोलतो: प्रकाश पकडणारा भाग तुमच्या राऊटरमध्ये नाहीच. पण उरलेला निम्मा भाग, म्हणजे वायफाय आणि घरातलं वाटप, ते तुमचा राऊटर करू शकतो, आणि बहुतेक वेळा कंपनीच्या डब्यापेक्षा चांगलं करतो.

मग कोणी विचारेल, बाजारातून फायबरचाच डबा आणला तर? इथं मी कंपनीच्या बाजूनं बोलेन. लाईनवाल्याच्या केंद्रातून निघालेली एक तार काचेच्या स्प्लिटरनं फुटून ८, १६, ३२, कधी ६४ घरांत जाते. खाली येताना एकच प्रकाश सगळ्यांच्या घरी पोचतो आणि प्रत्येक डबा त्यातलं आपलं तेवढं उचलतो. वर पाठवताना मात्र कॅनॉलच्या पाण्यासारखी पाळी असते. प्रत्येक डब्याला अगदी बारीक क्षणाची पाळी ठरवून दिलेली असते. पाळी नसताना एखाद्यानं बारं फोडलं की खालच्या सगळ्या वावरांचं पाणी बिघडतं, तसंच एखादा बिघडलेला किंवा न जुळणारा डबा अवेळी प्रकाश सोडायला लागला की त्या स्प्लिटरवरच्या सगळ्या घरांचं नेट तुटतं. म्हणून केंद्रातलं यंत्र डब्याचा अनुक्रमांक ओळखल्याशिवाय त्याला आत घेत नाही. शिवाय या तंत्राचे जीपॉन आणि ईपॉन असे दोन प्रकार गावोगाव चालू आहेत, आणि एकाचा डबा दुसऱ्यावर चालत नाही. एक्सपॉन लिहिलेले डबे दोन्हीवर चालतात, पण तोही केंद्रात नोंदवावा लागतोच.

तेव्हा प्रकाश पकडणाऱ्या भागावर कंपनीचा हट्ट असेल तर असू द्या. त्यावर भांडून हाती काही लागत नाही. राऊटरचा भाग मात्र सोडू नका. घरात कोण कोण जोडलेलं आहे, पासवर्ड काय आहे, हे सगळं त्या भागात असतं.

हवेतून फाइव्ह-जीवर येणारी जोडणी घेणार असाल, तर गच्चीवरचं यंत्र कंपनीचंच लागतं, कारण सिम त्यातच असतं. पुढं सांगितलेल्या पहिल्या दोन पद्धती तिथंही चालतात.

२. पैसे देण्याआधी विचारा

फॉर्म भरायला माणूस घरी येतो तेव्हा तो घाईत असतो आणि आपण चहा करण्यात. त्याच वेळी हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं फॉर्मच्या मागं किंवा निदान व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

पहिला प्रश्न: डबा विकत, भाड्यानं की अनामतीवर? या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. विकत असेल तर जीएसटीचं बिल आणि वॉरंटी तुमच्या नावानं हवी, आणि जोडणी सोडल्यावर डबा तुमच्याकडे राहतो. अनामत असेल तर 'परत मिळणारी रक्कम' असे शब्द पावतीवर हवेत. 'फ्री राऊटर' म्हणाले तर किती महिन्यांचा प्लॅन एकदम भरावा लागतो आणि मधेच सोडलं तर काय कापणार, ते विचारा. माझे दोन हजार याच एका प्रश्नावर गेले.

दुसरा: ब्रिज मोड करून द्याल का? याचा अर्थ पुढं चौथ्या मुद्द्यात आहे. लाईनवाल्याला हा शब्द माहीत असतो. "करून देऊ" म्हणाला तर काम सोपं. "काय असते ते?" म्हणाला तर तुम्हाला पहिल्या दोन पद्धतींपैकी एक वापरावी लागेल, एवढंच.

तिसरा: लॉगिन कशानं होतं? काही ठिकाणी यूजरनेम-पासवर्ड असतो, त्याला पीपीपीओई म्हणतात. काही ठिकाणी यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातून ठरून आलेला ओळख क्रमांक, केंद्रात बांधलेला असतो. पीपीपीओई असेल तर ते यूजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा आकडा (लाईनवाल्याच्या जाळ्यात आपल्या नेटची वाट ठरवणारा क्रमांक) पहिल्याच दिवशी मागून वहीत लिहा. नंतर मागायला गेलं की "वरून मिळत नाही" ऐकावं लागतं.

चौथा प्रश्न शेतात, गोठ्यात, गोदामात सीसीटीव्ही लावणाऱ्यांसाठी. पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवर फक्त आपला असा पत्ता, मिळतो का? आपल्याकडे बहुतेक कंपन्या एका पत्त्यामागे कितीतरी ग्राहक बसवतात. मग बाहेरून थेट डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारं यंत्र) उघडता येत नाही, राऊटर कितीही भारी आणला तरी. ओळखायची खूण अशी: डब्याच्या किंवा राऊटरच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये त्या यंत्राचा पत्ता टाकला की उघडतं ते) वॅन आयपी, म्हणजे बाहेरून मिळालेला पत्ता, १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर पत्ता सामायिक आहे. माझ्या ओळखीच्या एका संत्रावाल्यानं बागेतला कॅमेरा दिसत नाही म्हणून दोनदा राऊटर बदलला. दोष राऊटरचा नव्हताच. कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या क्लाउड ॲपवर तो घेतला आणि दिसायला लागला.

पाचवा: डबा जळाला तर बदलून कोण देणार? वीज पडून जळाला तर? हा प्रश्न मे महिन्याच्या आत विचारलेला बरा.

जोडणीला लागणारे कागद फार नाहीत: आधार, ओटीपीसाठी हाताशी असलेला मोबाइल, पासपोर्ट फोटो, आणि पत्त्यासाठी वीजबिल किंवा ग्रामपंचायतीची घरटॅक्सची पावती. घर वडिलांच्या नावावर आणि जोडणी तुमच्या नावावर असेल तर वीजबिलाची झेरॉक्स जोडून ठेवा. जोडणी ज्यानं वापरायची आणि ज्याच्या मोबाइलवर ओटीपी यायचा, त्याच्याच नावावर घ्या. नागपूरला राहणाऱ्या भावाच्या नावावर घेतलेल्या जोडण्यांची तक्रार नोंदवताना काय हाल होतात ते मी काउंटरवर रोज पाहतो.

३. बसवायच्या दिवशी घरी थांबा

त्या दिवशी वावरात जायचं असेल तर दुसरा दिवस मागा. डबा एकदा भिंतीवर ठोकला की तिथंच राहतो.

जागा आधी ठरवून ठेवा. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाड. ओसरीत लावलेला डबा माजघरात पोचत नाही. टिनाच्या पत्र्यातून वायफाय पार होत नाही, उलटून येतं. आणि उन्हाळ्यात एक गोष्ट घरोघरी होते, ती म्हणजे कुलर. लोखंडी पत्रा आणि आत भरलेलं पाणी, दोन्ही वायफाय अडवतात. कुलरच्या मागं किंवा त्याच्या ओल्या वाऱ्यात डबा लावू देऊ नका. थेट पत्र्याखाली, छताला लागूनही नको. बहुतेक घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात ० ते ४० अंश तापमान लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ च्या वर जातं. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, घराच्या मधोमध, हवा खेळती असेल तिथं, आणि शेजारी अजून एक राऊटर मावेल एवढी फळी आणि दोन प्लगची जागा.

तार भिंतीवरून वळवताना बांगडीपेक्षा लहान वळण देऊ देऊ नका. काच आहे ती. तुटलेली वरून दिसत नाही. उरलेली तार गुंडाळून खिळ्याला लटकवताना हे हमखास होतं. टोकाचा कनेक्टर हिरवा असेल तर हिरव्यातच, निळा असेल तर निळ्यातच बसवायचा. हिरव्याचं टोक तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. एकमेकांत बसतात पण प्रकाश गळतो. आणि सुटलेल्या तारेच्या टोकात डोळा लावून कोणी बघू नये, लेकरांना तर जवळ येऊच देऊ नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण असतो.

लाईनवाला जायच्या आधी त्याला आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचा जोर, दाखवायला सांगा. डब्याच्या पानावर किंवा त्याच्या हातातल्या मीटरवर तो आकडा उणे चिन्हासह दिसतो. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर चांगलं. उणे २७ च्या पुढं गेला तर आज नेट चालेल, पण पहिल्या पावसात रडेल. तो आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी नेट हळू झालं आणि आकडा उणे २१ वरून उणे २८ वर गेलेला दिसला, की "तुमचा राऊटर खराब आहे" हे उत्तर कोणी देऊ शकत नाही. दोष तारेत आहे हे तुमच्या वहीतच लिहिलेलं असतं.

डब्याच्या खालचं लेबल मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. मॉडेल, अनुक्रमांक, मॅक, मूळ पासवर्ड, सगळं तिथं असतं.

४. आपला राऊटर जोडायच्या तीन पद्धती

यासाठी लागतं फार थोडं: कॅट फाइव्ह-ई किंवा कॅट सिक्सची एक लॅन वायर, तुमचा राऊटर, एक मोबाइल आणि अर्धा तास. घरात आधीच एखादी वायर असेल तर चारही जोड्या जोडलेल्या आहेत का ते बघा. दोनच जोड्या असलेल्या वायरीवर वेग १०० एमबीपीएसच्या वर जात नाही, मग प्लॅन कितीचाही असो. कंपनीच्या स्वस्त डब्यांचे लॅन पोर्टही अनेकदा १०० चेच असतात.

पहिली पद्धत, ॲक्सेस पॉइंट. सगळ्यात सोपी आणि गावातल्या दहापैकी आठ घरांना पुरेशी. कंपनीचा डबा आहे तसा राहू द्या. तुमच्या राऊटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' निवडा आणि डब्याच्या लॅन पोर्टमधून वायर तुमच्या राऊटरला आणा. आता तुमचा राऊटर फक्त वायफाय पसरवतो, पत्ते वाटायचं काम डबाच करतो. ओसरीत डबा आणि माजघरात तुमचा राऊटर असं ठेवलं की जाड भिंतींचा प्रश्न सुटतो. राऊटर जुना असेल आणि त्यात हा मोड नसेल, तर त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता डब्याहून वेगळा ठेवा आणि वायर त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून नेट आत घ्यायची जागा) न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. काम तेच होतं.

दुसरी पद्धत, राऊटरमागे राऊटर. डब्याच्या लॅनमधून निघालेली वायर तुमच्या राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये. तुमचा राऊटर आपलं वेगळं जाळं तयार करतो आणि पत्ते स्वतः वाटतो. इथं एकच अडचण येते आणि ती नव्वद टक्के लोकांना अडवते. डबा १९२.१६८.१.१ वर असतो आणि अनेक राऊटरही कारखान्यातून त्याच पत्त्यावर येतात. एकाच गावात एकाच नंबरची दोन घरं असली तर पोस्टमन काय करणार? वायफाय दिसतं, जोडलं जातं, पण नेट चालत नाही. तुमच्या राऊटरचा लॅन पत्ता १९२.१६८.५.१ असा काही बदलून टाका, दोन्ही बंद करून आधी डबा आणि दोन मिनिटांनी राऊटर चालू करा. व्हिडिओ, बँक, अर्ज भरणं, ऑनलाइन क्लास, सगळं यावर व्यवस्थित चालतं. माझ्या केंद्रात पहिलं वर्षभर हीच पद्धत होती. माझे प्रिंटर आणि कॉम्प्युटर माझ्या जाळ्यात, ते कंपनीच्या डब्यातून दिसत नव्हते, आणि लोकांची कागदपत्रं हाताळणाऱ्याला हे फार महत्त्वाचं.

तिसरी पद्धत ब्रिज मोड. यात कंपनीचा डबा फक्त प्रकाश पकडतो आणि पुढं ढकलतो. लॉगिन, पत्ते, वायफाय, सुरक्षा, सगळं तुमचा राऊटर करतो. खऱ्या अर्थानं घरातलं जाळं तुमचं होतं. यासाठी लाईनवाल्याकडून डबा ब्रिजवर टाकून घ्यावा लागतो आणि पीपीपीओईचं यूजरनेम-पासवर्ड तुमच्या राऊटरमध्ये भरावं लागतं. व्हीलॅनचा आकडा डब्यातच बांधला असेल तर राऊटरमध्ये परत भरू नका. बांधला नसेल तरच भरा. मॅक पत्त्यावर जोडणी असेल तर तुमच्या राऊटरचा मॅक केंद्रात नोंदवून घ्या, नाहीतर राऊटरमधली 'मॅक क्लोन' सोय वापरा, म्हणजे तुमचा राऊटर आधी नोंदवलेल्या यंत्राचाच मॅक दाखवतो.

ब्रिजला जायच्या आधी दोन गोष्टी तपासा. त्याच डब्यावर लँडलाइन फोन किंवा टीव्हीचा बॉक्स चालत असेल तर लाईनवाल्याला सांगा की ते तसंच चालू राहिलं पाहिजे. नाहीतर नेट सुरू होतं आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोन मुका होतो. दुसरं म्हणजे कंपनी दुरून डब्यात शिरून सेटिंग बदलू शकते. त्यासाठी टीआर-०६९ नावाची सोय डब्यात असते, आणि बिघाड दुरुस्तीला ती उपयोगीही पडते. पण एखाद्या रात्री अपडेट आला की ब्रिज जाऊन डबा पुन्हा मूळपदावर येतो आणि सकाळी नेट बंद. अशा वेळी घाबरू नका. तुमच्या सेटिंगच्या पानांचे फोटो असले की एक फोन करून ब्रिज पुन्हा लावून घेता येतो.

तीनपैकी कोणतीही पद्धत घेतली तरी डबा आणि राऊटर शेजारी असतील तर डब्याचं वायफाय बंद करा. नाहीतर दोघं एकाच चॅनेलवर एकमेकांवर ओरडत राहतात. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनेल ठेवा. जाड भिंतीपलीकडे २.४ जास्त पोचतं, एकाच खोलीत वेग हवा असेल तर ५ गिगाहर्ट्झ. कॉम्प्युटर आणि प्रिंटर जागचे हलत नसतील तर त्यांना वायरच लावा.

५. पासवर्ड स्वतःचा करा

डब्याला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, एक आतल्या सेटिंगचा. लाईनवाला पहिला बदलून देतो, आणि तो बहुधा तुमचा मोबाइल नंबर असतो, म्हणजे सगळ्या गावाला माहीत. दुसरा कारखान्यातलाच राहतो. दोन्ही बदला. कंपनीचं मोठं ॲडमिन खातं तुम्हाला मिळणार नाही, पण तुमच्या स्वतःच्या राऊटरचं मिळतं, आणि राऊटर आपला असण्याचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा हाच. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिननं जोडायची सोय) बंद करा, वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा त्याहून नवीन ठेवा, वर्षातून दोनदा राऊटरचं सॉफ्टवेअर अपडेट करा.

दुकानात, केंद्रात, पिठाच्या गिरणीवर येणाऱ्यांना नेट द्यायचं असेल तर राऊटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळ्या पासवर्डचं वायफाय, तयार करा. मुख्य पासवर्ड देऊ नका. जोडणीवर आधार तुमचं आहे. त्या जोडणीवरून कोणी गैरप्रकार केला तर पहिली चौकशी तुमच्याकडेच येणार.

६. लाईट, वीज आणि वानरं

भारनियमनात डबा आणि राऊटर दोन्ही चालू राहायला हवेत. एकालाच बॅकअप देऊन उपयोग नाही. १२ व्होल्टचा छोटा राऊटर-यूपीएस मिळतो. दोन्ही यंत्रांच्या अडॅप्टरवरचे अँपिअर बेरीज करा आणि तेवढं देणारा घ्या. अडॅप्टरची अदलाबदल करू नका. पिन सारखी दिसते, पण एक ९ व्होल्टचा आणि दुसरा १२ चा असू शकतो. ९ च्या यंत्राला १२ लावलं तर ते जळू शकतं.

तुमच्याकडे बॅकअप असूनही लाईट गेल्यावर डब्यावर लाल दिवा आला, तर लाईनवाल्याच्या केंद्रातली बॅटरी संपली असण्याची शक्यता जास्त. तिथं तुमचा राऊटर काही करू शकत नाही.

मिरगाच्या आधीचे वळीव फार वाईट. काच वीज वाहत नाही, पण खांबावरून येणाऱ्या अनेक तारांमध्ये आधारासाठी लोखंडी तार असते. ती घराबाहेरच कापून थांबवली आहे का बघा, डब्यापर्यंत आत आणू देऊ नका. घरातून गोठ्यात किंवा समोरच्या घरात लॅनची वायर उघड्यावरून नेली असेल तर तिच्यात तांबं आहे. ढग गडगडायला लागले की अडॅप्टरही काढा आणि ती वायरही. आमच्या गल्लीत एका पावसात डबा, राऊटर आणि टीव्ही तिन्ही एकाच लॅन वायरीनं गेले.

वानरं तारेला लोंबकळतात. झाडातून जाणारी तार लाईनवाल्याला पहिल्याच दिवशी बाजूनं घ्यायला लावा. नंतर तो येतो, पण दोन दिवसांनी.

७. नेट बंद पडलं तर आधी दिवे वाचा, रिसेटला हात लावू नका

पीक विम्याच्या शेवटच्या आठवड्यात, जुलैत, माझ्या पुतण्यानं नेट अडकलं म्हणून टाचणीनं डब्याचं रिसेटचं भोक दाबलं. त्याला वाटलं मोबाइलसारखं रिस्टार्ट होईल. त्यात भरलेलं यूजरनेम, व्हीलॅन, सगळं पुसलं गेलं. लाईनवाला तिसऱ्या दिवशी आला. त्या तीन दिवसांत बाया-माणसं सातबारा हातात घेऊन माझ्या केंद्रासमोर बसून होती आणि मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकेक अर्ज रेटत होतो. म्हणून सांगतो, टाचणीचं भोक हे कंपनीच्या डब्यावर कधीच दाबायचं नाही. बंद-चालू करायचं तर अडॅप्टर काढा, एक मिनिट थांबा, लावा.

दिवे असे वाचा. लॉस लिहिलेला लाल दिवा लागला तर प्रकाशच पोचत नाही: तार तुटली, वाकली किंवा लाईनवाल्याचं केंद्र बंद. राऊटरशी संबंध नाही. पॉन दिवा लुकलुकत राहिला तर प्रकाश येतो पण केंद्र डब्याला ओळखत नाही. पॉन स्थिर हिरवा, पण इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल, तर लॉगिन अडकलं, नाहीतर बिल थकलं. सगळे दिवे हिरवे आणि तरी मोबाइलवर नेट नाही, तर दोष तुमच्या राऊटरकडे. तेव्हा लॅपटॉप वायरनं थेट डब्याला लावून बघा. तिथं चालत असेल तर राऊटरच तपासायचा. ब्रिज मोड असेल तर ही शेवटची चाचणी करताना लॅपटॉपमध्येच पीपीपीओई भरावं लागेल.

फोन करताना दिव्याचं नाव आणि रंग सांगा. "नेट बंद आहे" म्हटलं की नंबर लागतो, "सकाळी सातपासून लॉस लाल आहे" म्हटलं की माणूस शिडी घेऊन निघतो.

८. ऐकलं नाही तर

आधी कंपनीच्या ग्राहक केंद्रावर तक्रार करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. लाईनवाल्याला तोंडी सांगणं म्हणजे तक्रार नव्हे, त्याचा हिशोब कुठं राहत नाही. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, २०१२ च्या नियमांत ही दोन पायऱ्यांची सोय आहे. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथं अर्ज पाठवून वाट बघत बसू नका. दूरसंचार विभागाचा तक्रार क्रमांक १०६३, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं.

पैशाचा प्रश्न अडला तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. टेलिकॉमच्या तक्रारी तिथं चालत नाहीत असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या चालतात असं स्पष्ट केलं आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तिथं लागतात ती पावती, व्हॉट्सॲपवरची उत्तरं, डॉकेट नंबर आणि तुमची वही. माझ्या पहिल्या दोन हजारांसाठी माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं.

जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून घरातलं यंत्र निवडायचा हक्क ग्राहकाला कायद्यानंच दिला आहे, कंपनीला लॉगिनची माहिती न मागता द्यावी लागते. ज्या दिवशी आपल्या गावातल्या फॉर्मसोबत यूजरनेम-पासवर्डचा कागद आपोआप येईल, तो दिवस मला बघायचा आहे. तोवर मागून घ्या.

९. जोडणी सोडताना

फोनवर "बंद करा" म्हणून पैसे भरणं थांबवू नका. लेखी किंवा ॲपवरून बंद करण्याची विनंती टाका आणि तिचा नंबर ठेवा. आपल्या राऊटरमधली पीपीपीओईची माहिती पुसा, मग तो सोडवून घ्या. डबा न्यायला येणाऱ्याच्या हातात डबा देताना अडॅप्टर आणि वायरसकट फोटो काढा, आणि पावतीवर अनुक्रमांक लिहून सही घ्या. तिसऱ्या मुद्द्यात काढलेला लेबलचा फोटो इथं कामी येतो, दोन्ही अनुक्रमांक जुळवून बघा. डबा विकत घेतलेला असेल तर बिल दाखवा आणि देऊ नका.